दोन पाट्यांखालचे हाड

मित्रांनो, मी एक जुने हाड आहे.

नाही. मी एक जुना दगड आहे.

दोन्ही खरे आहे. ते दोन्ही कसे खरे, हे आमच्या गावाला कळेपर्यंत मी उगाळून उगाळून संपायला आले होते. तीच हकीकत सांगणार आहे. मी तीन तुकड्यांत आहे, म्हणून हकीकतही तीन तुकड्यांत येईल. मधल्या फटींत पांढरे प्लॅस्टर भरलेले आहे. प्लॅस्टर आले की समजा, हे माझे स्वतःचे नाही, ऐकीव आहे.

वरचा तुकडा

हाडाला डोळे नसतात. तेव्हा माझ्या काळचे आकाश कसे होते, नदी केवढी होती, हे मला विचारू नका. मांडीच्या हाडाला एकच गोष्ट कळते. वजन.

माझ्यावर खूप वजन होते. ते वजन सकाळी नदीकडे जाई आणि ऊन चढले की सावलीत उभे राही. कधी ते एका अंगावर कलंडून झाडाला पाठ घासे, तेव्हा सगळा भार माझ्या एकट्यावर येई. मला ते आवडे. शेजारी एक छोटे वजन चालायचे, ते माझ्यावर टेकायचे. ते कोण होते हे तुम्ही ओळखले असेल. मला एवढेच ठाऊक आहे की ते टेकले की आम्ही थांबत असू.

आम्ही गवत खात होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकदा पाय चिखलात गेला. खाली, आणखी खाली. मग वजन हलायचे थांबले, आणि

प्लॅस्टर

इथली फट फार मोठी आहे. मला काहीच आठवत नाही.

पुढे पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. ते म्हणाले, नदीच्या गाळाने मला झाकले. गाळातल्या पाण्यात विरघळलेली खनिजे हळूहळू माझ्यात शिरली आणि मी हाडाच्या आकाराचा दगड झाले. हे व्हायला हजारो वर्षे गेली. "नक्की किती हजार, ते मला आज सांगता येणार नाही," असेही ते म्हणाले. मला त्यांचे हेच वाक्य सगळ्यात आवडले.

मधला तुकडा

आणि पहारीचा घाव बसला. फटीतून उजेड आत आला, आणि तेव्हापासून मला दिसते, ऐकूही येते.

एरंडोलजवळ उखर्डू नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यात विहीर खणणे चालू होते. पहिल्या घावाला माझे दोन तुकडे झाले, दुसऱ्याला तीन. मधला एक लचका मातीबरोबर वर गेला आणि कुठल्या बांधावर पडला, तो आजवर सापडलेला नाही.

"हाई काय शे भो?" खाली उतरलेल्या माणसाने अहिराणीत विचारले.

"दगड शे. फेक वर," उखर्डू म्हणाला.

"दगडले गुडघा राहस का?"

उखर्डू स्वतः खाली उतरला. त्याने माझी माती पुसली. माझ्या खालच्या टोकाला गुडघ्याची दोन मोठी गोल टेंगळे आहेत. तो त्यांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "राक्षसनं हाड शे हाई. बकासुरनं."

मित्रांनो, उखर्डूला हसू नका. एरंडोल म्हणजे जुनी एकचक्रा नगरी, पांडव इथेच राहिले आणि भीमाने बकासुराला इथेच मारले, हे इथल्या प्रत्येकाने आईच्या मांडीवर ऐकलेले असते. पद्मालयाच्या वाटेवर भीमाचे कुंड दाखवतात. अशा गावात मातीतून माणसाच्या कमरेइतके उंच मांडीचे हाड निघाले, तर माणूस दुसरे काय म्हणेल? उखर्डूने पाहिले ते खरेच होते. नाव तेवढे त्याने आपल्याजवळ होते त्यातले दिले.

मला बैलगाडीतून गावात आणले. मुलींच्या शाळेतल्या मंदाबाई विज्ञान शिकवायच्या. त्या मला पाहायला आल्या आणि माझ्याजवळ जमिनीवर फतकल मारून बसल्या. त्यांनीच पुण्याला कळवून प्राध्यापकांना बोलावले. प्राध्यापकांनी मापे घेतली आणि सांगितले, हा हत्तीच्या कुळातला प्राणी, पण आजचा हत्ती नव्हे.

आता मला ठेवायचे कुठे? गावच्या बागेत एक दालन बांधून तयार होत होते. कापसाचे व्यापारी गौतमचंद शेठ यांनी ते आपल्या वडिलांच्या नावाने बांधले होते. सातपुड्याचा मातीचा नकाशा, कापसाच्या बोंडांचे प्रकार, सुगरणीची घरटी असे काय काय तिथे मांडायचे होते. शेठजी मोठ्या मनाचे होते. पण माझे नाव काढताच ते दचकले.

"बाई, हाड? आम्ही जैन माणसं. वडिलांच्या नावाच्या जागेत हाड ठेवू?"

"शेठजी, ते आता हाड नाही. दगड झालाय त्याचा," मंदाबाई म्हणाल्या.

शेठजींच्या पत्नी चंदनबाई दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारले, "बाई, एक काय ते सांगा. हाड की दगड?"

"हाड होतं, काकी. आता दगड आहे."

"होतं ते गेलं ना?"

"गेलं."

"मग ठेवा," चंदनबाई म्हणाल्या. "पण मी आत येणार नाही."

माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास दालन उघडले. मंदाबाईंनी माझे तुकडे जोडले आणि हरवलेल्या लचक्याच्या जागी प्लॅस्टर भरले. शेठजी म्हणाले, यावर रंग मारा, फट दिसता कामा नये. बाई म्हणाल्या, "नाही. जे सापडलं नाही ते पांढरंच राहू द्या. नाहीतर लोकांना वाटेल, आपल्याला सगळं सापडलंय." मला उघड्या टेबलावर ठेवले. मुलांनी हात लावून पाहावे, अशी बाईंची इच्छा होती. शेजारी त्यांनी निळ्या शाईत पाटी लिहिली:

*फार जुन्या काळच्या, हत्तीच्या कुळातल्या प्राण्याच्या मांडीचे हाड.*
*हाडाचा आता दगड झाला आहे.*
*पांढरा भाग सापडलेला नाही.*

शाळांची मुले येत. मला कुरवाळत, आपली मांडी माझ्या शेजारी लावून मापत. मी समाधानात होते.

पण गाव नाराज होते. उखर्डू तर चिडलाच होता. बागेच्या समितीची बैठक दालनातच बसली. मी उखर्डूला सापडले, म्हणून त्यालाही बोलावले होते.

"मन्हा वावरमा सापडनं," तो म्हणाला. "मी सांगस ते नाव नही, आनि पुन्याना मानुस सांगस ते नाव. हाई कोठला न्याय?"

शेठजींनी दोन्ही हात वर केले. "भांडू नका. आमच्या धर्मात अनेकांत सांगितलाय. एका वस्तूला अनेक बाजू असतात. आंधळे आणि हत्तीची गोष्ट ऐकलीय ना बाई? कुणी म्हणालं हत्ती खांबासारखा, कुणी म्हणालं सुपासारखा. सगळ्यांचं थोडं थोडं खरं. आपणही दोन पाट्या लावू. एक तुमची, एक उखर्डूभाऊंची. ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं."

"शेठजी, त्या आंधळ्यांनी हत्तीला हात लावून सांगितलं," मंदाबाई म्हणाल्या. "चुकले, पण हात लावून चुकले. बकासुराला कुणी हात लावलाय?"

"भीमनी लावा ना!" उखर्डू म्हणाला.

सगळे दालन हसले. मंदाबाईंनाही हसू आवरेना. आणि हसता हसता त्या हरल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी माझ्या दुसऱ्या बाजूला लाल तेलरंगात मोठी पाटी लागली:

*बकासुराच्या मांडीचे हाड.*
*भीमाने येथेच त्याचा वध केला.*

आणि दोन्हींच्या वर, शेठजींच्या सांगण्यावरून, तिसरी:

*दोन मते आहेत. आपणच ठरवावे.*

लोकांनी ठरवले.

मित्रांनो, खरे सांगते, सुरुवातीला मला मजा वाटली. एवढी गर्दी मी कधी अनुभवली नव्हती. खेड्याखेड्यांतून गाड्या येत. कुणी माझ्या गुडघ्याला शेंदूर लावला. दुसऱ्याने वर तेल ओतले. तिसऱ्याने टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. बकासुराला गाडाभर अन्न लागायचे, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा त्याच्या हाडाला उपाशी कसे ठेवायचे? बाया माझ्यापुढे कळण्याची भाकर, वांग्याचे भरीत, सणावाराला खापरावरचा मांडा ठेवू लागल्या. मी जन्मभर गवत खाल्लेले! भरताला मुंग्या लागल्या. त्या माझ्या फटींत राहायला आल्या.

शेठजी खूश होते. "बाई, तुमच्या निळ्या पाटीला कोण येत होतं?"

मंदाबाई माझ्याजवळ आल्या. फडके घेऊन त्या माझा शेंदूर पुसत राहिल्या. शेंदूर जात नव्हता.

मग माझे वजन कमी होऊ लागले.

मी सांगितलेच आहे, हाडाला वजनच कळते. मधल्या तुकड्यावर, प्लॅस्टरच्या थोडे वर, कुणीतरी पात्याने मला खरवडत होते. खरवडलेली जागा पुढच्या माणसाला दिसे, आणि तोही तिथेच खरवडे. एका बाईने सुरू केले, मग चार बायांनी केले. खळगी खोल होत चालली. असेच चालले तर एका पावसाळ्यात मी मधोमध तुटणार, हे मला कळत होते. पण सांगणार कुणाला? आणि ती पूड जात कुठे होती, हे मला तेव्हा माहीत नव्हते. ते कळले तेव्हा मला माझ्या तुटण्याचे काही वाटेनासे झाले.

खालचा तुकडा

ते आखाजीनंतरचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचे दिवस. संध्याकाळ होत आली होती. दालनात माझ्याजवळ एकच बाई होती, झुंबरबाई. कडेवर तिची नात तानी. तानी चालण्याच्या वयाची होती, पण चालत नव्हती. झुंबरबाईने तिला माझ्यावर टेकवून बसवले आणि कमरेचा विळा काढला.

ते टेकलेले वजन मला कळले. मित्रांनो, ते काहीच नव्हते. सुगरणीच्या घरट्याइतके होते.

झुंबरबाई खरवडू लागली, एवढ्यात मंदाबाई आणि शेठजी आत आले.

"झुंबरबाई, काय करताय हे!" मंदाबाईंनी विळ्याचा हात धरला.

"सोड वं माय," झुंबरबाई म्हणाली. "मन्ही नात वाळी गयी. भाकर बी खास नही. बकासुर गाडाभर खाये. त्यानं हाड पोटमा गयं म्हंजे पोर बी खाई."

"आधी दिलंय का तिला?"

"काल दूधमा उगाळी पाजं. कालपासून ओकी राह्यनी. थोडं पडनं व्हयी. आज जास्त देस."

मंदाबाईंनी तानीला उचलून घेतले. तानीचे ओठ सुकलेले होते. डोळे अर्धे मिटलेले होते.

"अहो, हे औषध आहे असं तुम्हांला सांगितलं कुणी?" शेठजींनी विचारले.

झुंबरबाईने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसते आश्चर्य होते. "पाटीवर लिखेल शे ना, शेठजी? माले वाचता येस नही. शेजारना लोटननी वाची दाखाडी. बकासुरनं हाड. मी अडाणी शे, पन पाटी ते तुमनीच शे ना?"

शेठजी म्हणाले, "ते... ते एक मत म्हणून लिहिलंय."

"मत म्हंजे काय व्हस?"

शेठजी लाल पाटी पुन्हा वाचू लागले. 

तेवढ्यात दारातून हाक आली. "अहो, ऐकलंत का? सूर्य चाललाय."

त्या चंदनबाई होत्या. शेठजी सूर्यास्तानंतर जेवत नसत, पाणीही घेत नसत. बागेत बोलत बसले की त्यांना वेळेचे भान राहत नसे, म्हणून चंदनबाई रोज त्यांना बोलवायला येत आणि उंबऱ्याबाहेर थांबत. आज त्यांनी सगळे ऐकले होते.

"काय पाजलं पोरीला?" त्यांनी विचारले. "हाड की दगड?"

मग चंदनबाई शेठजींकडे वळल्या.

"हे आत आणलं तेव्हा मी विचारलं होतं. तुम्ही सांगितलं दगड, म्हणून मी गप्प बसले. आता लाल पाटीवर हाड लिहिलंय, म्हणे. हाड असेल तर सासरेबुवांच्या नावाच्या जागेत ते एक रात्र राहणार नाही. दगड असेल तर ह्या माउलीनं पोरीला दगड उगाळून पाजलाय, तुमची पाटी ऐकून. घरात दगड, लोकांसाठी हाड, असं चालतं का? एक काय ते सांगा, आणि चला. ताट वाढलंय."

शेठजींनी माझ्याकडे पाहिले, पाटीकडे पाहिले. मग त्यांनी तानीकडे पाहिले आणि तिथेच पाहत राहिले.

"दगड आहे," ते म्हणाले. "झुंबरबाई, दगड आहे हा. चुकीचं लिहिलं आम्ही."

"आनि बकासुर?" झुंबरबाईने विचारले.

"तो गोष्टीत आहे. ह्याच्यात नाही."

झुंबरबाईने विळा खाली ठेवला. मग ती मोठ्याने रडू लागली. शेठजी टांगा बोलवायला स्वतः बागेच्या फाटकाकडे धावले. आणि चंदनबाई, ज्यांनी आत पाऊल टाकायचे नाही असे ठरवले होते, त्या उंबरा ओलांडून आत आल्या आणि झुंबरबाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या लुगड्याचा पदर माझ्या शेंदराला लागला. त्यांनी तो झटकला नाही. मग सगळ्या टांग्याकडे गेल्या आणि

प्लॅस्टर

हे मी पाहिलेले नाही. मंदाबाईंनी नंतर उखर्डूला माझ्यासमोर सांगितले, ते सांगते.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आधी खूप रागावले. दगडाच्या पुडीपेक्षा तिच्यातला शेंदूर वाईट, असे ते म्हणाले. तानीला मीठ-साखरेचे पाणी चमच्याचमच्याने पाजत राहायचे होते. झुंबरबाई दमली की मंदाबाई पाजत, मंदाबाई दमल्या की चंदनबाई. शेठजी बाहेरच्या बाकावर बसले होते. सूर्य केव्हाच बुडाला होता. डॉक्टरांनी त्यांना चहा विचारला, त्यांनी हात जोडले. उजाडल्यावर तानीने स्वतःहून तोंड उघडून चमचा मागितला. चंदनबाई बाहेर येऊन शेठजींना म्हणाल्या, "पोरीनं पाणी घेतलं. आता तुम्ही पण घ्या."

एवढेच. रात्री त्या बाकावर शेठजी काय विचार करत होते, ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणून इथे पांढरेच ठेवते.

खालचा तुकडा, राहिलेला

शेठजी मंदाबाईंना घेऊन दवाखान्यातून थेट दालनात आले. खिळे उपसायला काही सापडेना, तर उखर्डूला त्याची पहार आणायला सांगितले. ज्या पहारीने मी फुटले, त्याच पहारीने लाल पाटी निघाली. ती तिसरी पाटीही, 'आपणच ठरवावे'वाली, शेठजींनी स्वतः काढली. उखर्डू बडबडत होता, पण पहार नीट धरून होता.

"म्हंजे मन्हा बकासुर खोटा?"

"गोष्टीला खोटी कशाला म्हणायचं, भाऊ?" मंदाबाई म्हणाल्या. "गोष्ट ऐकायची असते. उगाळून प्यायची नसते."

तानी बरी होऊन घरी आल्यावर झुंबरबाई दालनात आली, तेव्हा मंदाबाई तिच्याशी बोलल्या. तिच्या तोंडून बकासुराची गोष्ट त्यांनी दवाखान्यात ऐकली होती. तानीला जागे ठेवायला झुंबरबाई ती पुन्हा पुन्हा सांगत होती. बाई म्हणाल्या, "अशी गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. ही गोष्ट पाटीच्या दोन ओळींत कोंबली, हीच आपली मोठी चूक."

बागेतल्या कडुनिंबाखाली शेठजींनी एक ओटा बांधला. लाल पाटी फेकली नाही. तिच्यावर नवीन अक्षरे लिहून ती ओट्याजवळ लावली: *बकासुराची गोष्ट येथे ऐका.* तेव्हापासून दर आखाजीला झुंबरबाई तिथे बसते. भीम गाड्यातले अन्न स्वतःच खायला लागतो, तिथे ती असा आवाज काढते की दालनातही हसू ऐकू येते. उखर्डू सगळ्यांत पुढे बसतो आणि दरवेळी उठून, आपल्या शेताकडे हात करून सांगतो, "हाई बठ्ठं मन्हा वावरजोडे घडनं!" कुणी त्याला अडवत नाही. ओट्यावर ते चालते.

मला टेबलावरच काचेचे कपाट मिळाले. मुलांना आता मला हात लावता येत नाही, याचे मंदाबाईंना वाईट वाटते. मलाही वाटते. पण माझ्या खळगीत बाईंनी प्लॅस्टर भरले नाही. "ही फट काळानं पाडलेली नाही, आपण पाडली. ती दिसू दे," त्या म्हणाल्या.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. गर्दी पूर्वीसारखी होत नाही. कधी कधी आठवडाभर कुणी येत नाही, काचेवर धूळ बसते. तरी मी सुखात आहे. ओट्यावर हसतात ते मला ऐकू येते. आणि जे येतात, ते निळी पाटी वाचून मलाच पाहतात, दुसऱ्या कुणाला नाही.

परवा मुलींच्या शाळेची सहल आली होती. एक उंच, काटक मुलगी मैत्रिणींना ढकलत पुढे आली. तिने काचेवर बोट ठेवले, बरोबर खळगीसमोर.

"हाई जागा दिसनी का? हाई मी खायेल शे."

"चल! दगड कोणी खास का?"

"इचार मन्ही आजीले!" तानी म्हणाली. मग पाय दुखत होते म्हणून असेल, ती माझ्या कपाटावर रेलून उभी राहिली. कपाट हलले. टेबल किंचित करकरले.

मित्रांनो, मला ते वजन कळले. चांगले भरलेले, भाकरीवर वाढलेले, शाळेत जाणारे वजन. फार फार वर्षांपूर्वी एक छोटे वजन माझ्यावर टेकायचे, तेव्हा आम्ही थांबत असू. मी तशीच थांबून राहिले.

तुम्ही याल तेव्हा काच पुसा, नारळ ओट्याकडे न्या, भरीत घरी खा. आणि कधी तुम्हांला कुणासाठी पाटी लिहायची वेळ आली, तर लक्षात ठेवा, ती वाचता न येणारेही ती ऐकतात आणि तिच्यावर विश्वास ठेवतात. जेवढे सापडले तेवढेच लिहा. उरलेल्या जागी रंग मारू नका. तिथे पांढरे राहू द्या.